नवे सेल घालूनही खेळण्यातली गाडी दोन दिवसांत बंद का पडते?

आमच्या इमारतीतला पहिलीतला एक मुलगा एकाच गाडीसाठी महिन्यात चौथ्यांदा दारात उभा होता. लाल गाडी, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. रिमोट वगैरे काही नाही, पोटाखालचं बटण सरकवलं की सुरू. "काका, सेल कालच नवे घातलेत, तरी बंद पडली." मागून त्याची आई आली. "भाऊ, आठ सेल झाले हो या महिन्यात. गाडीपेक्षा सेलच महाग पडायला लागलेत. देऊ का टाकून?"

नका टाकू. खेळण्यातल्या गाड्या मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय आणि सगळ्यांत जास्त हीच तक्रार येते. सेल बदलले की गाडी दोन दिवस धावते, म्हणून आपली खात्री पटते की दोष सेलमध्येच होता. घरातली पाण्याची टाकी दोन दिवसांत रिकामी व्हायला लागली, तर आपण रोज टँकर मागवत नाही. कुठे गळतंय ते बघतो. इथेही तेच करायचं. सेलमधली वीज चाकापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी वाया जातेय, ती जागा शोधायची.

आधी एक मिनिटाची परीक्षा

गाडी उलटी धरा, बटण सुरू करा आणि कान देऊन ऐका.

चाकं हवेत झकास फिरतात, पण जमिनीवर ठेवली की गाडी मरगळते किंवा थांबते? मग एक तर सेल दमलेत, किंवा सेलच्या कप्प्यातल्या धातूच्या पत्र्या खराब आहेत, किंवा चाकांच्या दांड्याला काहीतरी अडतंय. वारंवार येणाऱ्या तक्रारींत हाच प्रकार सर्वाधिक दिसतो. मोटर भुर्रर्र करते पण चाकं हलत नाहीत? मग दोष गिअरमध्ये. अजिबात हूं की चूं नाही? मग वीज मोटरपर्यंत पोचतच नाही, किंवा मोटरच गेली. आणि नव्या सेलवर गाडी उलटी पळत असेल तर घाबरू नका, आधी अधिक-वजाच्या खुणा बघा. साध्या गाडीत सेल उलटे बसले की मोटर उलटी फिरते, एवढंच.

आता बटण बंद करून चाकं बोटाने फिरवा. पुढची, म्हणजे मोटर न जोडलेली चाकं एका टिचकीत तीन-चार गिरक्या घेऊन थांबली पाहिजेत. मागची चाकं मोटरला जोडलेली असल्यामुळे जड लागतील, ते बरोबरच आहे. पण ती सगळीकडे सारखी जड लागायला हवीत. एका जागी अडून पुढे सुटत असतील, तर तिथे काहीतरी आहे.

केस

त्या लाल गाडीचं मागचं चाक आणि अंग यांच्या फटीत एक काळी गोल कडी दिसत होती. इतकी गुळगुळीत, की गाडीचाच भाग वाटावा. मुलाच्या बाबांनी तिला रबरी वॉशर समजून हात लावला नव्हता. मी चिमट्याचं टोक आत घालून एक टोक उचललं आणि ओढायला लागलो. लांब केस, त्याला गुंतलेला गुलाबी लोकरीचा धागा, पुन्हा केस, पायपुसण्याची सुतळी. शेवटचा केस हातभर लांब निघाला. दुसऱ्या चाकातूनही तेवढाच ऐवज निघाला. हे सगळं इतकं आवळून बसलं होतं की खालच्या प्लॅस्टिकला चकाकी आली होती.

गाडी जमिनीवर पळते तेव्हा तिचा फिरणारा दांडा चरखीसारखं काम करतो. फरशीवरचा केस एकदा गुंडाळला गेला की आपोआप सुटत नाही, उलट पुढचे केस ओढून घेतो. घरात लांब केसांची माणसं असतील, गालिचा असेल, कुणी शिवणकाम करत असेल, तर दर महिन्याला चाकांच्या फटी बघायलाच हव्यात. काढताना चाक उपटू नका, दांड्यावरची त्याची पकड कायमची सैल होते. नखं कापायच्या बारीक कात्रीने किंवा ब्लेडने दांड्याच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे गुंडाळीला आडवी चीर द्या. मग चिमट्याने तुकडे काढा. हे काम मोठ्यांनीच करायचं.

एवढ्याशा केसांनी सेल का संपावेत? माझ्या मते ही गोष्ट प्रत्येकाला कळायला हवी, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. या गाड्यांत बहुतेक वेळा १३० आकाराची म्हणतात ती चपट्या कुशीची छोटी मोटर असते. आत दोन चुंबक आणि मधे तांब्याच्या तारेची तीन वेटोळी. वेटोळी फिरायला लागली की त्यांच्यात सेलच्या उलट दिशेने वीज तयार होते, म्हणजे फिरणारी मोटर थोडीफार जनित्रही असते. ही उलटी वीजच सेलमधून येणाऱ्या प्रवाहाला लगाम घालते. म्हणून या आकाराची दीड व्होल्टची मोटर मोकळी फिरताना मिनिटाला ९,००० च्या आसपास फेरे घेते आणि प्रवाह खाते फक्त ०.२ अँपिअरच्या आसपास. तीच मोटर दाबून थांबवली की लगाम सुटतो आणि प्रवाह २ अँपिअरच्या वर जातो. जवळजवळ दहापट. केसांनी आवळलेली गाडी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालत असते. मूल म्हणतं, "हळू चालतेय", आणि त्याच वेळी सेल धो-धो उपसले जात असतात. गाडी मंद झाली म्हणजे वीज कमी खात असेल, हा समज पूर्ण उलटा आहे.

म्हणूनच भिंतीला टेकून घरघरणारी गाडी लगेच उचलायची. तशी पाच मिनिटं राहिली तर मोटर हाताला चटका देईल इतकी तापते.

सेल कोणते आणि कसे

नवे सेल म्हणून घरात येतात ते पुष्कळदा साधे कार्बन-झिंक सेल असतात. भिंतीवरच्या घड्याळाला ते उत्तम, वर्षभर चालतील, कारण घड्याळ थेंब-थेंब वीज घेतं. मोटरला एकदम घोट लागतो. असा सेल मल्टीमीटरवर, म्हणजे वीज मोजायच्या यंत्रावर, छान १.५ व्होल्ट दाखवतो, आणि मोटर सुरू होताच १ व्होल्टच्या खाली बसतो. म्हणून मोजायचं ते गाडी चालू ठेवून, चाकं जमिनीला किंचित टेकवून. नुसता पडलेला सेल मोजून काही कळत नाही.

मोटरच्या गाडीला अल्कलाइन सेल घ्या, नाहीतर चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल. दुसऱ्या प्रकारावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोक बिचकतात. चार सेलच्या गाडीत ६ च्या जागी ४.८ व्होल्ट होतात हे खरं. पण भार पडल्यावर हे सेल आपला दाब टिकवून ठेवतात आणि मोटर त्यांच्यावर चांगली पळते. रोज खेळणारं मूल घरात असेल तर मी हेच सुचवतो.

एक चूक मात्र अगदी जाणत्या घरांतही होते. चारातले दोन सेल "अजून चांगले दिसतात" म्हणून ठेवायचे आणि दोनच नवे घालायचे. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्याने नव्यांचा प्रवाह जुन्यातूनही जावाच लागतो. जुना आधी रिकामा होतो, मग त्याच्यातून वीज उलटी रेटली जाते आणि तो फुटून पाझरतो. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच जातीचे. मी सेलवर पेनने तारीख लिहून ठेवतो. त्यामुळे किती दिवस चालले याचा अंदाज न करता आकडा हातात राहतो.

पत्र्या आणि स्प्रिंगा

कप्पा उघडून नीट उजेडात बघा. माझी बहीण रत्नागिरीला असते. तिच्याकडे पावसाळ्यात सेलसकट माळ्यावर ठेवलेली गाडी दसऱ्याला काढली, तर स्प्रिंगेवर पांढरी बुरशीसारखी साय आणि पत्रीवर हिरवट थर. समुद्राच्या दमट हवेत हे फार लवकर होतं. अशा थरातूनही थोडी वीज जाते, म्हणून दिवा लागतो, गाणं वाजतं, पण मोटरला पुरेशी वीज मिळत नाही. "दिवे लागतात म्हणजे सेल चांगले आहेत, मोटर गेली" असं ठरवून चांगली मोटर बदलल्याचं मी पाहिलंय.

अल्कलाइन सेलची गळती आम्लाच्या विरुद्ध जातीची, दाहक असते. ती मुलांना हाताळू देऊ नका, स्वतःही रबरी मोजे घाला. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन टिपा, फसफसेल. फसफस थांबली की ओल्या कापसाने पुसून पूर्ण वाळवा. मग बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. जुन्या कार्बन-झिंक सेलची गळती आम्लाकडे झुकलेली असते, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी वापरा. स्प्रिंग दबून चपटी झाली असेल तर पक्कडीने हलकेच ओढून वर घ्या. स्प्रिंगेला जोडलेली तार गंजून तुटायला टेकलेली असते. ती ओढून बघा आणि सुटली तर पुन्हा सोल्डर करा.

कप्प्याचं झाकण स्क्रूने बसवायचंच. स्क्रू हरवला म्हणून चिकटपट्टी लावणं धोक्याचं आहे. विशेषतः छोट्या गाड्यांत बटणासारखे सेल असतात. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळं मानक आहे. नवी गाडी घेताना खोक्यावर ते चिन्ह शोधा.

खोबरेल तेल घालू नका

मी राहतो नाशिकला. इथे डिसेंबर उजाडला की एक ठरावीक तक्रार येते, सकाळी गाडी जाम आणि दुपारी चालते. कारण तेल. कुणीतरी प्रेमाने चाकांत खोबरेल तेल सोडलेलं असतं. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि एरवीही धूळ धरून चिकट लगदा करतं. ते कापडाने पुसून काढा. दांडा जिथे प्लॅस्टिकच्या भोकातून जातो तिथे शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच लावा. टायरच्या रबराला आणि मोटरच्या मागच्या टोकाला तेल लागू द्यायचं नाही.

मोटर फिरते, चाकं नाहीत

इथे मी नेहमी आधी एकाच गोष्टीकडे बघतो, मोटरच्या दांड्यावरचा तो पांढरा, इवलासा, बहुतेक वेळा आठ दातांचा गिअर. हा लोखंडी दांड्यावर दाबून बसवलेला असतो, म्हणजे प्लॅस्टिक कायम ताणलेलं असतं. काही वर्षांनी दोन दातांच्या मधे ते चिरतं. भिंग लावलं तर केसाएवढी रेघ दिसते. मग दोन प्रकार होतात. पकड सुटली की दांडा आतल्या आत फिरतो आणि गिअर जागीच राहतो. थोडी पकड उरली असेल तर चिरेपाशी दातांमधलं अंतर वाढल्याने प्रत्येक फेऱ्याला कट्-कट् असा आवाज येतो. खात्री करायची तर दांड्याच्या टोकावर आणि गिअरवर पेनने एकच सरळ रेघ मारा आणि गाडी क्षणभर चालवा. रेघ मोडली तर गिअर सुटलेला आहे.

झटपट चिकटणारा गोंद घालावासा वाटतो. मीही पूर्वी घालायचो, पण चीर तशीच राहते आणि गोंदाचा थेंब मोटरच्या तोंडात गेला तर मोटर कायमची गेली. नवा गिअर अगदी स्वस्त मिळतो. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. जुना तुकडा बरोबर न्या, दातांची संख्या आणि भोकाचं माप जुळलं पाहिजे.

मोटर बोटाने टिचकी मारली की सुरू होते आणि थांबली की पुन्हा टिचकी मागते, असं असेल तर आतल्या तीन वेटोळ्यांपैकी एक तुटलंय, किंवा वीज आत देणारी फिरती पत्री काजळलीय. ती पत्री काय करते हे मुलांना दाखवायचं असेल तर अरविंद गुप्तांनी घराघरांत पोचवलेली साधी मोटर करून बघा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली, ही त्यांतलीच. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि वार्निशच्या तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकाचं वार्निश पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं एका बाजूने राखायचं. त्या राखलेल्या बाजूमुळे दर फेऱ्यात वीज योग्य क्षणी तुटते आणि वेटोळं फिरत राहतं. लाल गाडीतल्या मोटरमध्ये हेच काम तीन पत्र्या आणि त्यांना घासणाऱ्या दोन जिभल्या करतात. त्या झिजल्या की दुरुस्ती परवडत नाही, मोटरच बदला.

सेल नसलेल्या गाड्या

मागे ओढून सोडायच्या गाडीची शक्ती म्हणजे मुलाचा हात. आत पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. ओढताना एका वाटेने गिअर ती आवळतात. सोडल्यावर एक गिअर आपल्या खाचेत सरकतो आणि शक्ती दुसऱ्या वाटेने चाकांना जाते, म्हणून वीतभर ओढलेली गाडी खोलीभर पळते. ओढून-ओढून कट्-कट् आवाज आला की स्प्रिंग भरली. पुढे ओढल्याने ती सटकते, जोर वाढत नाही. पहिल्याच ओढीला कट्-कट् येत असेल तर स्प्रिंगेचं टोक सुटलंय. आवाजच नाही आणि गाडी पळतही नाही, तर चाकं ओढताना घसरताहेत. मागच्या चाकांवरच्या रबरी कड्या बघा. त्या निघाल्या असतील किंवा धुळीने गुळगुळीत झाल्या असतील. ओल्या फडक्याने पुसा आणि ओढताना गाडी किंचित दाबा. चकचकीत फरशीवर हा दोष जास्त जाणवतो, शहाबादीवर कमी. स्प्रिंगेची डबी मात्र उघडू नका, पट्टी उसळून डोळ्याला लागू शकते.

पुढे चार-पाचदा घासून सोडायच्या गाडीत स्प्रिंगही नसते. आत एक जड चक्र असतं, घासण्याने ते जोरात फिरतं आणि तो वेग हळूहळू चाकांना देत राहतं. घासताना "घ्वँऽऽ" असा चढता आवाज आला तर चक्र ठीक आहे. खरखर आली तर दात गेलेत.

रिमोटच्या गाडीबद्दल एवढंच सांगतो. एका बाजूला ओढत असेल तर पोटाखाली पुढच्या चाकांमधली छोटी दांडी हलवून सरळ करा. २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणाऱ्या दोन जुन्या गाड्या एकत्र खेळू नका, एकीचा रिमोट दुसरीलाही पळवतो. २.४ गिगाहर्ट्झच्या गाड्यांत हा त्रास सहसा नसतो. आतला लिथियमचा पॅक फुगला असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या.

बसून चालवायच्या मोठ्या गाड्यांची बॅटरी शिशाची असते, ६ किंवा १२ व्होल्टची. वाढदिवसाला येते, महिनाभर फिरते, मग गॅलरीत कपड्यांखाली जाते आणि पुढच्या सुट्टीत हूं की चूं करत नाही. अशी बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर थर घट्ट बसतो आणि तो सहसा सुटत नाही. खेळून झालं की त्याच दिवशी चार्जिंगला लावा, पडून असेल तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. विश्रांतीत ६ व्होल्टची बॅटरी भरलेली असताना साधारण ६.४ व्होल्ट दाखवते. ६ च्या बरीच खाली वाचन आलं तर तिला बराच वेळ उपाशी ठेवलंय. वेग हवा म्हणून ६ च्या गाडीला १२ ची बॅटरी जोडू नका. गिअरचे दात पहिल्याच चढावर जातात, आणि वर मूल बसलेलं असतं.

त्या लाल गाडीचे केस निघाले, पत्र्या घासल्या, दोन अल्कलाइन सेल घातले, त्यांवर मुलाने स्वतः तारीख लिहिली, १४ ऑगस्ट. गिअरला चीर नव्हती. काल जिन्यात भेटला तेव्हा त्याच सेलवर गाडी धावत होती. आता दर रविवारी तो चाकांच्या फटी बघतो, आणि चिमटा आईकडून मागून घेतो.